घोडा उपाशी, राग संस्थेवर: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला पाच जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, ऑफिसात तर एकीने जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. सोबत रस्त्याच्या कडेला आडव्या पडलेल्या घोड्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: मुंबईतल्या प्राणिमित्र संस्था घोड्यांच्या नावावर देणग्या घेतात आणि करत काहीच नाहीत. व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेरफटक्याच्या त्या घोडागाड्या, त्यांनीच बंद पाडल्या आणि घोडे वाऱ्यावर सोडले. फोन करा, येत नाहीत. आल्या तरी मालकाकडून घोडा सोडवत नाहीत. नेलाच तर उपाशी ठेवतात, इंजेक्शन देऊन मारतात, नाहीतर त्याच मालकाला परत करतात. म्हणून यापुढे एक रुपयाही देऊ नका.

पाठवणाऱ्यांतले बरेच जण मनाने चांगले आहेत. जनावराचे हाल बघवत नाहीत म्हणूनच त्यांनी तो पुढे ढकलला. मलाही बघवत नाहीत. पण या मेसेजमुळे मुंबईतल्या एकाही घोड्याच्या तोंडात चंदीचा, म्हणजे त्याच्या खुराकाचा, एक दाणा जास्त पडणार नाही, उलट आहे तोही जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मी स्वतः पाहिलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी आषाढात, भायखळ्याच्या एका गल्लीत, रात्री साडेनऊच्या सुमाराला एक पांढरी घोडी कोसळली. वरातीची घोडी. पावसाचं पाणी गटारातून वर आलेलं आणि तिचं तोंड त्या पाण्यापासून वीतभर अंतरावर. दोन्ही पुढच्या गुडघ्यांवर जुने, केस न उगवलेले डाग होते. डांबरावर घसरून पडलेल्या घोड्याच्या गुडघ्यांवर असे डाग कायमचे राहतात. बरगड्या मोजता येत होत्या. मालक म्हातारा, तिच्या कानामागे हात फिरवत बसलेला. मी रागानेच बोलायला गेले, तर तो म्हणाला, "ताई, आता कार्तिकापर्यंत लग्न नाही. मी काय खाऊ आणि हिला काय घालू?"

हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपल्याकडे मुहूर्त नाहीत. आपण कॅलेंडरात मुहूर्ताचं पान उलटतो आणि तिकडे तबेल्यातली चंदी बंद होते. भर पावसात, चार महिने. आपण नाचतो त्या वरातीची कमाई संपली की घोडी फक्त खर्चाची राहते.

आता मुद्दे.

"व्हिक्टोरिया त्यांनी बंद पाडल्या आणि घोडे वाऱ्यावर सोडले." व्हिक्टोरियांबाबतची जनहित याचिका एका प्राणिमित्र ट्रस्टची होती, हे बरोबर. पण निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, 8 जून 2015 चा. नुसत्या हौसेखातर घोडागाडीतून फिरणं बेकायदा ठरलं, गाड्या बंद करायला एक वर्षाची मुदत मिळाली, आणि गाडीवाल्यांचं व घोड्यांचं पुनर्वसन सरकारने करावं असं कोर्टाने सांगितलं. सरकारने, संस्थांनी नव्हे. पुनर्वसनाच्या योजनेवर त्यानंतरही तारखा पडत राहिल्या. विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईच्या रस्त्यावर यायला मार्च 2021 उजाडलं. मधल्या काळात गाडी गेली, पण घोडा मालकाचाच राहिला. तो कुणी काढून घेतला नव्हता. बिनकमाईचा घोडा बिनकमाईच्या माणसाच्या दावणीला. हा प्रश्न कोर्टात गेलेल्यांना आधी दिसायला हवा होता का? माझ्या मते हो. बंदी मागताना घोड्यांच्या जागेची सोय तितक्याच जोराने मागायला हवी होती. पण घोडे वाऱ्यावर सोडण्याचा आरोप करायचा तर तो ज्याच्यावर जबाबदारी टाकली होती त्याच्यावर करा.

"फोन करा, येत नाहीत." यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. त्या रात्री मी पहिला नंबर लावला, तो पाऊण तास नुसता वाजत राहिला. दुसऱ्या संस्थेने सांगितलं, आम्ही फक्त कुत्री-मांजरं घेतो. तिसऱ्यांची गाडी आली, पण चार तासांनी. या चार तासांत मी कुणाकुणाला शिव्या दिल्या असतील ते माझं मला माहीत.

पण गाडी आली तेव्हा उशीर का होतो ते कळलं. कुत्र्याला चादरीत गुंडाळून रिक्षातून नेता येतं. तीन-साडेतीनशे किलोची आडवी घोडी न्यायला मागे उतरता फळा असलेली गाडी लागते आणि घोड्याच्या पायांची माहिती असलेली माणसं लागतात, कारण भेदरलेल्या घोडीची लाथ छातीत बसली तर माणूस जागेवर जातो. अशा गाड्या या शहरात मोजक्याच आहेत. डॉक्टर तोपर्यंत फोनवर होते. त्यांनी एकच गोष्ट परत परत सांगितली: एका कुशीवर ठेवू नका, खालच्या बाजूचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चेंगरून मरतात. कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाची पोरं मांडवाच्या बांबूंजवळ बसली होती. त्यांनी ताडपत्री आणली, ती घोडीच्या अंगाखाली सरकवली आणि सात जणांनी मिळून तिची कूस बदलली. डोक्याखाली गोणपाटाची चळत. एक आजी हरभरे आणि गूळ घेऊन आल्या, तो डॉक्टरांनी देऊ दिला नाही. आजींना फार वाईट वाटलं.

संस्थांना इथे मी एक सांगेन. तुमच्याकडे घोडा उचलायची सोय नसेल तर तसं पहिल्याच वाक्यात सांगा, आणि देणगीच्या पत्रकावर घोड्याचा फोटो छापू नका. लोकांचा विश्वास इथेच तुटतो, आणि तो तुटण्यात लोकांची काही चूक नाही.

"मालकाकडून घोडा सोडवत नाहीत." सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. जनावर ताब्यात घ्यायचा अधिकार त्याच्या कलम 34 मध्ये आहे, आणि तो पोलीस शिपायापेक्षा वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा राज्य सरकारने नेमून दिलेल्या व्यक्तीला आहे. स्वयंसेवकाला नाही. त्याने दावं सोडून घोडा नेला तर ती चोरी झाली आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होईल.

बरं, पोलिसांकडे गेलात तर? उपाशी ठेवणं, मारझोड, जखमेवर खोगीर चढवणं, हे सगळं कलम 11 मध्ये गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण त्यातली बहुतेक कलमं अदखलपात्र आहेत. म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात, तुमच्या हातात कागद येतो आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास पुढे सरकत नाही. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला किमान 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये दंड. एवढ्या पैशांत आज दोन-तीन वडापाव येतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर 25 ते 100 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड वाढवणारा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता. ज्यांना खरोखर राग आलाय त्यांनी आपल्या खासदाराला विचारावं, त्याचं काय झालं.

याच कायद्याखाली 1965 चे नियम आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. नियम चांगले आहेत. हे तास मोजणारा माणूस मी तरी कधी कुठे उभा पाहिला नाही.

"नेलेला घोडा उपाशी ठेवतात, आठवड्यानंतरही बरगड्या दिसतात." दिसणारच. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या घोड्यापुढे एकदम पाटीभर चंदी ठेवली तर तो त्यानेच मरू शकतो. रिकाम्या शरीरात अचानक खुराक गेला की रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय बंद पडतं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वर येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावरच बेततं. म्हणून सुरुवातीला लसूणघास नावाचा चारा, तोही थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. आजींचा गूळ डॉक्टरांनी अडवला तो यासाठीच. बरगड्यांवर मांस चढायला महिने लागतात. आठव्या दिवशी गेटबाहेरून काढलेल्या फोटोवरून ते कळत नाही.

"इंजेक्शन देऊन मारतात." कधीकधी देतात, हो. घोड्याच्या पायाचं मोठं हाड मोडलं तर त्याला माणसासारखं खाटेवर निजवून ठेवता येत नाही. तो उभाच राहतो, सगळा भार उरलेल्या पायांवर जातो आणि त्या पायांचे खूर आतून सुटायला लागतात. ते दुखणं मोडक्या पायाइतकंच भयंकर असतं. दुसरं कारण शेंबा, म्हणजे ग्लँडर्स. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, तो आढळला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि तपासणीत रोग पक्का झालेला घोडा कायद्यानेच मारावा लागतो. म्हणून जबाबदार ठिकाणी नवा घोडा आधी वेगळा बांधतात आणि रक्त तपासायला पाठवतात. "जागा असून आत घेत नाहीत" अशी तक्रार होते, त्यातल्या बऱ्याच वेळा आत आधीचे घोडे असतात आणि त्यांचा जीव सांभाळायचा असतो.

"कोट्यवधींच्या देणग्या जातात कुठे?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि विचारायला फॉरवर्डची गरज नाही. ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, कार्यालय वरळीला आहे. जी संस्था हिशेब मागितल्यावर चिडते तिला खुशाल देऊ नका. पण सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. साधा हिशेब करा: घोडा रोज आपल्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा खातो. साडेतीनशे किलोच्या घोडीला सात किलो, रोज. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे आज दहा वर्षांची घोडी सोडवली तर पंधरा-वीस वर्षांचं पोट अंगावर घेतलं. त्यात मुंबईत जागा. राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात प्राणिक्लेश निवारण समिती स्थापावी आणि तिला दवाखान्यासाठी, निवाऱ्यासाठी पुरेशी जमीन द्यावी, असं 2001 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. याच शहरात 1834 साली पांजरापोळ उभा राहिला, 1874 साली प्राण्यांवरचा जुलूम थांबवण्यासाठी सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत परळला पेटिट या पारशी घराण्याच्या दानातून जनावरांचं इस्पितळ सुरू झालं. तेव्हाच्या शेटियांनी जमिनी दिल्या. आज आपण संस्थेला विचारतो, घोडा ठेवायला जागा का नाही? हा प्रश्न महापालिकेच्या आणि कलेक्टरच्या दारात का नेत नाही?

राहिला "त्याच मालकाला परत देतात" हा मुद्दा. त्या घोडीचंही हेच झालं. गाडी आली, तिला चढवलं, सलाइनच्या चार बाटल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तीन आठवड्यांनी म्हातारा आला आणि घेऊन गेला. मी डॉक्टरांशी भांडले. ते म्हणाले, त्याने स्वतःच्या मर्जीने आमच्या हवाली केली होती, गुन्हा नोंदलेला नाही, कोर्टाचा आदेश नाही, कोणत्या हक्काने ठेवू? गुन्हा नोंदून जप्त झालेलं जनावर खटला चालेपर्यंत संस्थेकडे ठेवता येतं, त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो, तसे 2017 चे नियम आहेत. पण त्यासाठी आधी कुणीतरी ठाण्यात जाऊन तक्रार द्यावी लागते आणि पुढे साक्षीला उभं राहावं लागतं. त्या रात्री गल्लीत मोबाइल वर धरून चाळीस तरी माणसं उभी होती. नाव-पत्ता लिहून द्यायला एकही नाही. मीसुद्धा नाही दिला. म्हाताऱ्याची दया आली म्हणून.

संस्थेने एक केलं: घोडी देताना चातुर्मास संपेपर्यंतचा चारा बांधून दिला आणि दर पंधरा दिवसांनी एक मुलगा तबेल्यात जाऊन बघून येत होता. तो चारा देणगीच्या पैशांतला होता. मेसेज म्हणतो तो रुपया असा जातो.

तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात लालबागला एका वरातीत रस्ता अडला होता. मी बसमधून उतरून चालायला लागले. बँजो, फटाके, आणि मधोमध जरीची झूल घातलेली पांढरी घोडी. मी पुढे होऊन आधी गुडघे पाहिले. दोन्हीवर ते डाग. मग झूल वाऱ्याने जरा उचलली तेव्हा कूस पाहिली. बरगड्या दिसत नव्हत्या. म्हाताऱ्याने लगाम धरला होता, त्याने मला ओळखलं नाही.