दहा बाय चौदाचा मंडप

परवा एम.जी. रोडवरच्या एका दुकानात एका अनोळखी माणसाने मला डीजे भाड्याने देऊ केला. ऑपरेटरसकट. मी अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायला आलोय आणि माझ्याकडे साडेसहा हजार रुपये आहेत, हे त्याला तोवर कळून चुकलं होतं. किंबहुना म्हणूनच.

झालं होतं एवढंच की घरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर घुमायला लागला होता. फिल्टरचे कपॅसिटर म्हातारे झाले की विजेची 100 हर्ट्झची घरघर स्पीकरमधून गाऊ लागते. पेटीवर बघितलं तर ती खर्जातल्या पांढरी पाच या सुराच्या किंचित वर बसते. "तानपुरा बंद करायचा राहिलाय," असं बायको स्वयंपाकघरातून सांगायची. आता शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर हे आमच्या नाशिकचे. 1921 साली इथेच जन्मले आणि चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं जे काही ध्वनिमुद्रित गाणं मागे उरलंय, त्याला विजेने पांढरी पाचमध्ये साथ करावी हे माझ्याच्याने सोसवेना. कपॅसिटर बदलून झाले, तर डावी बाजू गेली. "काका, फेकून द्या आता," असं दुरुस्तीवाला म्हणाला आणि या सल्ल्याचे शंभर रुपये घेतले.

दुकानात शिरलो. भिंतीला माणसाएवढे उंच स्पीकर, प्रत्येकाच्या पोटात रंगीत दिवे पळतायत. मालक मोबाईलमध्ये. काउंटरवर अठरा इंची स्पीकरचा फाटलेला कोन ठेवून एक तरुण उभा होता. टी-शर्टच्या पाठीवर त्याच्या साउंडचं नाव, मनगटात पाच-सहा रंगांचे दोरे. मालकाने माझी दखल घेतली नाही. ती याने घेतली.

"काय पाहून राहिले काका?"

"अ‍ॅम्प्लिफायर."

"मशीन. किती वॉटची?"

"घरासाठी हवीय. लहानशी."

"मंडप केवढा आहे?"

"मंडप नाही हो, हॉल आहे. दहा बाय चौदा."

"फूट?"

"फूट."

त्याने डोळे बारीक केले. बहुधा मनातल्या मनात बांबू ठोकत असावा. "पब्लिक किती राहील?"

"मी. कधी कधी बायको."

"काकू नाचतात?"

"नाही. त्या आतून ओरडतात, आवाज कमी करा म्हणून."

"म्हणजे आवाज आतपर्यंत जातो," तो समाधानाने म्हणाला. "टॉप चांगले दिसतात तुमचे." टॉप म्हणजे डीजेच्या भाषेत वरचे स्पीकर.

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. का बसू? साधी गोष्ट आहे. माझे स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबल देतात. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट दहापट लागतात. हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानेही एकदा मान हलवून नीट ऐकलं. मग मी म्हणालो, "खरं म्हणजे दहा बाय चौदाच्या खोलीत मला एक वॉटसुद्धा पुरतो."

मालकाने प्रथमच मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"एक हजार?" तरुणाने विचारलं.

"एक."

"काका, एका वॉटमध्ये देवघरातला बल्ब लागतो."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. चार्जरची केबल घ्यायला आलेल्या बाईसुद्धा हसल्या. वास्तविक त्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मग तो तरुण माझ्या जवळ सरकला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "बजेटचा प्रॉब्लेम आहे का?"

"साडेसहा."

"लाख?"

"हजार."

यापुढे त्याच्या वागण्यात जी माया आली ती मी जन्मात विसरणार नाही. हॉस्पिटलात नातेवाइकांना बाजूला घेतात तसं त्याने मला खांद्याला धरून बाजूला घेतलं. "वाढदिवस आहे का घरी? मग विकत कशाला घेता? चार टॉप, चार बेस, साडेसहात बसवून देतो. ऑपरेटर माझा. डिझेल तुमचं. गल्लीत छोटा हत्ती येतो ना?"

येतो, असं मी म्हणालो. म्हणजे खरोखरच येतो.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे शहरच ढोलाचं. नाशिक ढोल साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि ढोलाला तर वॉटही नसतात, वायरही नसते, तरी खिडकीच्या काचा थरथरतात. अशा गावात कोणी "मोठा नको, स्वच्छ हवा" म्हणायला लागला तर लोक त्याला पैशांची अडचण समजणारच. पण दुकानदाराला दोष का देऊ नये? तीनशे रुपयांचा शर्ट अंगात घालून बघू देतात. सहा हजारांचं यंत्र मात्र ऐकू देत नाहीत. "बॉक्स उघडला की घ्यावा लागेल काका." मग निवडायचं कशावरून? डब्यावरच्या स्टिकरवरून. नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार-हजार वॉट छापून यायचे. त्या आकड्याला कुठलंही ठरलेलं माप नव्हतं, ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्याने छापावं. तेव्हा आम्ही लहान होतो, फसलो. आता तेच नव्या बाटलीत चाललंय आणि वर मालक सांगतो, "साउंडबार घेऊन टाका, स्टिरिओ आता कोण ऐकतं?" अहो, मी ऐकतो. तुमच्यासमोर उभा आहे. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जा, तिथे सगळं मिळतं, असं एक मित्र म्हणाला होता. पंचवटी एक्सप्रेसचं जाऊन-येऊन भाडं, जेवण, टॅक्सी काढली की उरलेल्या पैशांत तिथे फक्त वायर मिळाली असती.

शेवटी तळहातावर मावेल असा एक क्लास-डी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या जातीचा, अ‍ॅम्प्लिफायरचा डबा निवडला. मालक पाच हजार आठशेवर अडून बसला होता. मी घासाघीस करून थकलो, तर तो तरुण मध्येच म्हणाला, "शेठ, काका आपले आहेत," आणि मालकाने तीनशे रुपये सोडले. त्या तीनशेंचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डब्यावर ठळक लिहिलंय: दोन्ही बाजूंना शंभर-शंभर वॉट. सोबतचा अडॅप्टर 24 व्होल्ट, 3 अँपिअर. गुणाकार केला, 72 वॉट. बाकीचे 128 बहुधा ब्रह्मगिरीवरून उगम पावणार असतील. मालकाला फोन केला, तर म्हणाला, "तुम्हाला तर एकच पाहिजे होता ना?"

घरघर मात्र गेली. ते मान्य करावं लागेल. पलुसकर आता एकटे गातात. पण त्या डब्याच्या कपाळावर एक निळा दिवा आहे आणि तो बंद करायची सोयच नाही. रात्री दिवे मालवून गाणं ऐकायला बसावं तर अख्खा हॉल निळा. त्यावर काळी चिकटपट्टी लावली, तर रिमोट चालेना, कारण रिमोट ओळखणारा डोळाही त्याच पट्टीखाली आला. पट्टी अर्धी कापून लावली, तर अर्धा हॉल निळा आणि रिमोट फक्त डाव्या खुर्चीवरून चालतो. डावी खुर्ची बायकोची आहे.