पहिला पेन टॅबलेट बेसिक घेतला म्हणून पैसे पाण्यात जात नाहीत

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की डिजिटल चित्रं शिकायची असतील तर तीन-चार हजारांचा पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेनने काढलेलं स्क्रीनवर उमटतं) म्हणजे पैसे पाण्यात, त्याला प्रेशर कमी, साइज लहान, स्क्रीन नाही, हात बसत नाही आणि मूल कंटाळून सोडून देतं, म्हणून पहिल्यापासूनच स्क्रीनवाला नाहीतर प्रो मॉडेल घ्या, हप्त्यावर घ्या पण घ्या. हे "हप्त्यावर घ्या" मला फार लागलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे हेच विचारायला येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो हप्ता खरंच जड जाणार असतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

प्रेशरपासून सुरुवात करू, कारण खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. लेव्हल म्हणजे पेन किती दाबला याच्या टॅबलेटला कळणाऱ्या पायऱ्या. मेसेज म्हणतो 8192 लेव्हल पाहिजेतच, 2048 मध्ये रेघ तुटक येते. अहो, 2009 ला वॅकॉम या टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीचा इंट्यूओस 4 आला तेव्हा 2048 लेव्हल ही प्रोफेशनल टॅबलेटची मोठी गोष्ट होती, त्याच्या आधीच्या इंट्यूओस 3 ला 1024 च होत्या आणि त्यावर लोकांनी पोटापाण्याची कामं केली आहेत. आज तेवढ्याच 2048 लेव्हल वन बाय वॅकॉम या त्यांच्या अगदी साध्या मॉडेलला मिळतात. आणि नेहमीच्या 8 बिटच्या फाइलमध्ये रंग फिका ते गडद व्हायला पायऱ्याच 256 असतात, म्हणजे एकेका पायरीला 2048 मधल्या आठ लेव्हल आल्या, त्याच्या वरचा फरक डोळ्याला दिसणार कुठे?

रेघ बिघडते ती बहुतेक वेळा प्रेशर कर्व्हमुळे, म्हणजे किती दाबलं की रेघ किती जाड-गडद यावी या सेटिंगमुळे. माझ्याकडे आठवीतली एक मुलगी येते, तिची रेघ कायम फिकी यायची म्हणून ती पेन इतका दाबायची की महिन्याभरात निब (पेनचं बदलता येणारं टोक) एका बाजूने तासल्यासारखी सपाट झाली आणि टॅबलेटवर चकचकीत चरे पडले, घरचे म्हणाले हलका टॅबलेट आहे, बदलून टाकू. ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेटचं सेटिंगचं सॉफ्टवेअर, उघडला, त्यातलं टिप फील (पेन किती दाबावा लागतो ते) सॉफ्टकडे दोन घरं सरकवलं, नवीन निब बसवली, आणि पाच मिनिटांत तीच मुलगी पानाच्या शिरा एका रेघेत बारीक-जाड काढत होती. टॅबलेट तोच.

साइजचं म्हणणं अर्धं खरं आहे. लहान टॅबलेटची चित्र काढायची जागा साधारण 152 बाय 95 मिलिमीटर असते. 15.6 इंची लॅपटॉपवर हाताची हालचाल सव्वादोन पट मोठी होऊन दिसते, ती सवयीने जमते. 27 इंची मॉनिटरवर तेच जवळपास चौपट होतं आणि तिथे मनगटाची जरा थरथर पण स्क्रीनवर दिसते, तर मोठा मॉनिटर असेल तर मीडियम साइज घ्या, पण त्यासाठी प्रोच पाहिजे असं काही नाही, बेसिकमध्येही मीडियम मिळतो.

आणि "लहान टॅबलेटवर गोल काढला की अंडं होतं" हे जे लिहिलंय ना, ते होतं, पण लहान असल्यामुळे नाही. 152 बाय 95 म्हणजे 16:10 चा आकार झाला आणि लॅपटॉपची स्क्रीन बहुतेक वेळा 16:9 असते. फुल एचडी स्क्रीनवर हिशोब करून बघा, टॅबलेटवर 10 मिलिमीटरचा गोल काढला तर स्क्रीनवर रुंदी येते साधारण 126 पिक्सेल आणि उंची 114, मग तो चपटा दिसणारच. ड्रायव्हरमध्ये फोर्स प्रपोर्शन्स नावाचा चौकोन असतो तो टिक करा, टॅबलेटची साडेनऊ मिलिमीटरची एक पट्टी वापरात राहत नाही पण गोल गोल येतो. एवढ्याशा टिकसाठी कुणी वीस हजार घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

स्क्रीन नसेल तर हात बसत नाही? माउस वापरताना आपण हाताकडे बघतो का? पहिला आठवडा चिडचिड होते, हे कबूल, पण रोज अर्धा तास नुसते गोल आणि समांतर रेघा काढल्या की दोन-तीन आठवड्यांत डोळा आणि हात जुळतात. उलट स्वस्तातल्या स्क्रीनवाल्यात टोक आणि रेघ यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट दिसते, रंग लॅपटॉपपेक्षा वेगळे येतात, वायरी वाढतात आणि चांगला स्टँड नसेल तर मान खाली घालून बसावं लागतं.

"एकदाच प्रो घ्या, पुन्हा घ्यावा लागत नाही" याला फार उत्तर द्यायची गरज नाही, मूल चित्रं काढत राहील की नाही हे त्यालाच अजून माहीत नसतं.

आता जिथे महागडा खरंच लागतो ते पण सांगते. पेन्सिल आडवी धरून शेडिंग करायची सवय असेल तर टिल्ट, म्हणजे पेन किती तिरपा धरलाय ते कळणारा टॅबलेट, पाहिजे, आणि टिल्ट अगदी साध्या मॉडेलना नसतो. सुलेखनवाल्यांनी तर नीट विचार करावा. देवनागरीत बोरूचा कोन बराचसा एकच राहतो, त्यामुळे क्रितासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सपाट ब्रशचा कोन पक्का करून बेसिक टॅबलेटवर शिरोरेघ, काना, वेलांटी छान येतात, पण अक्षराच्या शेवटी बोरू बोटांत फिरवून जे टोक काढतात ते हवं असेल तर पेन फिरलेला कळणारा टॅबलेट लागतो, आणि वॅकॉमचा तसला आर्ट पेन बेसिक मॉडेलवर चालत नाही. रोज सात-आठ तास कमाईचं काम करणाऱ्याने स्क्रीनवाला जरूर घ्यावा.

बाकीच्यांनी दुकानात गेल्यावर आकडे वाचत बसू नका, पेन हातात घ्या. आधी इतका हलका टेकवा की जेमतेम स्पर्श होईल, तेवढ्यावर रेघ उमटते का बघा. मग पट्टी ठेवून अगदी हळू तिरपी रेघ ओढा. ती नागमोडी आली तर तो टॅबलेट ठेवून द्या, खोक्यावर 8192 लिहिलेलं असो की 16384.