लंगोटातला कापूस आणि साठ किलोची आई

काका (वय तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते), बाळांना किती कॅलरी लागतात आणि ते कसं मोजतात या माझ्या लेखावरचा तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं असं: तान्ह्या पोराला ‘जड पाणी’ पाजणं अघोरी. मी बाळासाठी लिहिल्या तशा दिवसाला किलोमागे ८० कॅलरी धरल्या तर साठ किलोच्या आईला ४८०० लागतील, म्हणजे आकडाच खोटा. आणि आमच्या आज्यांनी यंत्राशिवाय उकड्या तांदळाच्या पेजेवर पोरं वाढवली. शेवटी जाता जाता विचारलंत, “उपाशी ठेवून मोजता का लेकरांना?”

हा शेवटचा टोला बरोबर बसला. मी लेखात बीएमआर (अंग पूर्ण विश्रांतीत असताना नुसतं जगण्यासाठी होणारा ऊर्जाखर्च) लिहिलं, ते चूक. त्यासाठी माणूस रात्रभर उपाशी, जागा आणि निपचित पडलेला लागतो. तीन महिन्यांच्या पोराकडून यातलं काय होणार? म्हणून ते दूध पिऊन झोपलं की डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवतात, आतली हवा खेचत राहतात आणि ऑक्सिजन किती घटला, कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते मोजतात. यात दूध पचवण्याचा खर्चही येतो. हा झोपेतला दर. लेखात दुरुस्ती केलीय.

जड पाणी अणुभट्टीत वापरतात, हे खरं. पण ते किरणोत्सारी नसतं, आणि तुमच्या विहिरीच्या पाण्यातही किंचित असतंच. बाळाला देतात तो मोजका डोस, ज्यातला थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. त्यातला जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्यातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला ते कळतं, आणि त्यावरून आठवडाभराचा ऊर्जाखर्च निघतो. बाळाला टोचायचं नाही, लंगोटात कापूस ठेवायचा आणि तो पिळून लघवी घ्यायची.

आता साठ किलोची आई. तिला किलोमागे पस्तीसेक पुरतात, कारण ती वाढत नाहीये, आणि बाळाचा मेंदू अंगाच्या मानाने केवढा मोठा! पहिल्या महिन्यात तर एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा नुसत्या वाढीला जाते; वर्षाचं होईतो हा वाटा ३ टक्क्यांवर येतो. ८० हा सहा महिन्यांच्या आसपासचा आकडा.

आणि आज्यांचं म्हणाल तर मोजमाप त्यांच्याच बाजूने आहे. बाळांना किती कॅलरी लागतात याच्या १९८५च्या जागतिक शिफारशी बाळं किती पितात यावरून काढलेल्या, वर अंदाजाने ५ टक्के चढवलेले. २००४च्या अहवालात प्रत्यक्ष खर्च मोजला, तेव्हा आकडे चांगलेच खाली आले. अंगावर पिणाऱ्या बाळांचा खर्च डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमीच भरतो. माझी लेक चार महिन्यांची असताना एका दवाखान्यात तक्ता बघून “तुमचं दूध पुरत नाही” म्हणाले आणि डबा लिहून दिला. भर जुलै, दुपटी शेगडीवर वाळवत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “दिवसाला आठ लंगोट भिजवते, वजन वाढतंय, दूध कमी कुठनं?” डबा आणलाच नाही.

पेज मात्र सहा महिन्यांनंतरच. तीही वरची निवळ नको. तिने पोट भरतं, कॅलरी मिळत नाहीत. तळचा भात घोटून, वर तूप घालून द्या.