नाव घेते, कुणाला सांगू नका

कंपनीच्या वायफायचं नाव लपवायचा विचार करताय? उत्तम. फारच सुज्ञ निर्णय. गेल्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी असाच एक सुज्ञ निर्णय फोनवरून माझ्या कानात ओरडला, तेव्हापासून या विषयावर चार शब्द लिहायचे राहून गेले होते. भोसरी एमआयडीसीतला कारखाना, १४ ॲक्सेस पॉइंट (छतावरचे वायफाय सोडणारे डबे), गोदामात ३६ हँडहेल्ड स्कॅनर. आदल्या रात्री शेठच्या भाच्याने या सगळ्या डब्यांना हुकूम सोडणारा कंट्रोलर उघडून नाव लपवायची एक टिक मारली होती. बाकी कशालाही हात लावला नाही, अशी शपथ त्याने दिवसभरात तीनदा घेतली. वाईट याचं वाटतं की ती खरी होती.

तर ज्यांना हे पुण्य कमवायचंय त्यांच्यासाठी अनुभवाचे बोल.

मुहूर्त रविवारी रात्रीचा, जेवणं झाल्यावर. कुणाला विचारू नये, कुणाला सांगू नये. सांगितलं तर लपवलं कसलं?

टिक कुठे आहे ते मात्र नीट बघा. यूनिफाय कंपनीच्या डब्यांवर ‘हाइड वायफाय नेम’वर टिक मारायची असते, सिस्कोच्या कंट्रोलरवर ‘ब्रॉडकास्ट एसएसआयडी’वरची (एसएसआयडी म्हणजे वायफायचं नावच) टिक काढायची असते. चुकून उलटं झालं तरी घाबरू नका, सुरक्षितता दोन्हीकडे तेवढीच.

टिक मारली की डबा गप्प बसतो, असा तुमचा समज असेल तर तो तसाच राहू द्या. डबा गप्प बसत नाही. दर १०२.४ मिलिसेकंदांनी तो बीकन, म्हणजे हजेरीची हाळी, सोडतच असतो: मी इथे आहे, माझा हार्डवेअर पत्ता हा, चॅनेल हा, वेग एवढा, एन्क्रिप्शन अमुक. टिकेनंतरही हे सगळं तो जसंच्या तसं सांगतो, फक्त नावाची जागा रिकामी सोडतो. एका दिवसात ८,४३,७५० वेळा. चौदा डबे, प्रत्येकात दोन रेडिओ, म्हणजे रोज २,३६,२५,००० वेळा तुमचा कारखाना आसमंतात जाहीर करतो की आमच्याकडे वायफाय आहे, पण नाव नाही हं सांगणार!

आमच्या आजीचं असंच होतं. आजोबांचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. पोस्टमनने विचारलं तर दाराच्या पाटीकडे बोट. पण मुंजीत, डोहाळजेवणात चार बायकांनी ‘नाव घे, नाव घे’ म्हणून घेरलं, की दोन ओळींच्या शेवटी आजोबांचं नाव मांडवाबाहेरच्या आचाऱ्यालासुद्धा ऐकू जायचं. ॲक्सेस पॉइंटही याच वळणाचा. एखादा फोन जोडून घ्यायला आला की त्याला नाव घेऊनच विचारावं लागतं, डब्याला नाव घेऊनच उत्तर द्यावं लागतं, आणि ही सगळी बोलणी एन्क्रिप्शन सुरू व्हायच्या आधी, उघड्या हवेत होतात. कंपाउंडबाहेरच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्याने काहीही फोडायचं नसतं, कुठे घुसायचं नसतं. कटिंग संपेपर्यंत ऐकत बसायचं.

छतावर बसला डबा, खाली फिरतोय पंखा,
____चं नाव घेते, लपवल्याची नको शंका!

आणि तेवढाही धीर नसला, तर एखाद्या जोडलेल्या फोनला डब्याच्या नावाने खोटा निरोप पाठवायचा की ‘चल, सुट’. फोन सुटतो, लगेच परत जोडायला जातो आणि नाव पुन्हा घेतलं जातं. हे रोखणारं संरक्षण असतं. त्याचीही टिकच असते, पण ती दुसऱ्या पानावर, आणि त्या पानापर्यंत भाचा गेला नव्हता.

नाव मराठीत ठेवायचं असेल तर ३२ बाइटची मर्यादा लक्षात असू द्या. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ‘श्री गणेशाय’ ३१ बाइटांत बसतं आणि ‘नमः’ बाहेर राहतं. उघड्या नेटवर्कवर ते वाईट दिसतं, लपवलेल्यावर चालून जाईल.

आता गोदामाकडे वळू. नाव लपवण्याची खरी गोडी गोदामात कळते.

आधी दिसत असलेलं नेटवर्क स्कॅनरमध्ये ‘दिसणारं’ म्हणून साठवलेलं असतं. असं यंत्र नावाने हाक मारत नाही. ते बीकन ऐकत बसतं, ओळखीचं नाव कानावर आलं की जोडून घेतं. रविवारी रात्री नाव गेलं. सोमवारी पहिल्या पाळीला ३६ स्कॅनर चार्जिंगवरून उचलले गेले आणि ३६ जण कान टवकारून बसले. नाव काही येईना. त्यात आमचे डबे ५ गिगाहर्ट्झच्या १०० नंबरच्या चॅनेलवर. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, तिथे यंत्राने आपणहून हाका मारायच्या नसतात, आधी ऐकायचं असतं. म्हणजे डबा नाव सांगणार नाही आणि स्कॅनर आधी बोलणार नाही. स्थळ बघायला गेलेल्या दोन अबोल घराण्यांसारखे दोघे एकमेकांकडे बघत बसलेले, आणि बाहेर पाच ट्रक भरून उभे, चलन निघत नाही म्हणून.

याला उपाय एकच. प्रत्येक स्कॅनरमधलं जुनं नेटवर्क पुसायचं, ‘नेटवर्क जोडा’वर जायचं, नाव हाताने टाइप करायचं, पासवर्ड टाकायचा आणि ‘छुपं नेटवर्क’ला होय म्हणायचं. छत्तीस वेळा. स्कॅनरचा पडदा तीन इंची, कीबोर्डवरचं एकेक अक्षर तांदळाएवढं, आणि टाइप करणारे मामा गेली वीस वर्षं स्टोअरमध्ये, चष्मा घरी विसरलेले. मी एका टोकाला लॅपटॉपवर, ते दुसऱ्या टोकाला रॅकवर.

“एम कॅपिटल!”
“घेतला.”
“एफ, जी, स्मॉल. मग अंडरस्कोर.”
“ते काय असतं?”
“आडवी रेघ, मामा!”
“मारली.”
“मधे नाही हो, खाली! तळाला!”
“तळाला तर स्पेस आहे.”

एवढ्यात फोर्कलिफ्टवाला थांबला आणि म्हणाला, “साहेब, ती रेघ आकड्यांच्या पानावर असते, आत्ताच त्या दादांना दाखवून आलो.” हे संवाद साडेअकरापर्यंत चालले होते. अकराच्या सुमाराला कँटीनचा पोरगा चहा घेऊन आला, तो आमच्या वायफायचं नाव चालीवर म्हणत होता. हमालांना पाठ झालं, ट्रकच्या क्लीनरला पाठ झालं. नाव उघडं होतं तेव्हा ते कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं, यादीत दिसायचं आणि लोक त्यावर बोट ठेवायचे. लपवल्यावर सगळ्या कारखान्याचं तोंडपाठ. दुपारी स्टोअरच्या सुपरवायझरने त्रास वाचावा म्हणून संगणकावर एक कागद छापला: वर नाव, खाली पासवर्ड, ‘रेघ खालची आहे’ अशी तळटीप. तो त्याने खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. काच रस्त्याच्या बाजूला आहे.

लेबल प्रिंटरचं वेगळं पारायण स्कॅनरच्याही आधी झालं होतं. त्याला कीबोर्डच नाही. वरचा बाण, खालचा बाण आणि ओके. ए पासून वायपर्यंत चोवीस वेळा बाण दाबायचा, एकदा जास्त दाबला गेला की झेड. नाव टाकलं, जोडेना. परत टाकलं, जोडेना. चौथ्यांदा मी कंट्रोलरमधलं नाव कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहिलं, तेव्हा दिसलं की नावाच्या शेवटी एक स्पेस आहे. ही स्पेस सहा वर्षांपूर्वी टाकली कुणी? मीच. इतकी वर्षं ती तिथे होती आणि एका माणसाचं काही बिघडलं नव्हतं, कारण दिसणारं नाव कुणी टाइप करत नाही. सोमवारचा उपवास, पोटात एक साबुदाणा वडा, आणि मी बाण दाबून प्रिंटरला एक अदृश्य जागा शिकवत होतो.

असो. पुढची युक्ती: कर्मचाऱ्यांचे फोनही छुप्या नेटवर्कला जोडून द्या. मग काम संपल्यावरही कंपनीची सेवा चालू राहते. छुपं म्हणून साठवलेलं नेटवर्क आपणहून दिसणार नाही हे फोनला माहीत असतं, म्हणून तो जाईल तिथे त्याला नावाने हाका मारत फिरतो: पीएमपीच्या बसमध्ये, शिवाजीनगर स्टेशनवर, मेहुण्याच्या हळदीत. ‘एमएफजी-खालची-रेघ, आहेस का? आहेस का?’ लोकांनी गाडीत अँटेना ठेवून गोळा केलेल्या नेटवर्कांचे नकाशे २००१ सालापासून विगल नावाच्या वेबसाइटवर आहेत. नाव जगावेगळं असेल आणि लपवण्याआधी एकदा नोंदलं गेलं असेल, तर त्या हाका ऐकणाऱ्याला तुमचा कर्मचारी कुठल्या गल्लीत कामाला जातो हेही बसल्या जागी कळतं. एखादा टवाळ ‘हो, आहे की मी’ असं उत्तर देणारा डबाही बॅगेत घेऊन बसू शकतो. आयफोन अशा नेटवर्कखाली गोपनीयतेची सूचना दाखवतो, अँड्रॉइड ‘छुपं’ निवडताना ताकीद देतो, आणि राउटर लावणाऱ्यांसाठी ॲपलने दिलेल्या सूचनांत छुपं नेटवर्क बंद ठेवा असंच म्हटलंय. पण त्यांना काय कळतं? भाच्याने व्हिडिओ पाहिलाय.

ऑडिटरने सांगितलं म्हणून करत असाल तर त्यांची चेकलिस्ट कुठल्या सालची आहे ते हळूच बघा. कार्ड पेमेंटच्या पीसीआय नियमांत एके काळी खरंच नाव लपवा असं होतं. २००८च्या १.२ आवृत्तीत ते काढून टाकलं, कारण लपवल्याने नाव कळायचं थांबत नाही. तेव्हा आमचा हा भाचा बालवाडीत असेल.

गेस्ट नेटवर्कचंही नाव लपवा. पाहुण्यांना तेवढीच मजा.

चार वाजता सगळं सुरळीत झाल्यावर शेठने केबिनमध्ये बोलावलं. भाचाही होता. शेठ म्हणाले, “साहेब, त्रास झाला, मान्य. पण आता आपण सेफ आहोत ना?”

मी शांतपणे विचारलं, पासवर्ड कधी बदललाय? पासवर्ड बदललेला नाही. सहा वर्षांत नाही. मी लावून दिला तोच: कंपनीचं नाव आणि १२३. तेव्हापासून किती माणसं नोकरी सोडून गेली? शेठ बोटं मोजायला लागले आणि दोन्ही हातांची संपल्यावर थांबले. त्यातला एकजण समोरच्या गल्लीत, प्रतिस्पर्ध्याच्या स्टोअरला आहे. त्याच्या फोनमध्ये तो पासवर्ड आजही आहे, आणि गेटबाहेर बाइक लावली की तो आत असतो. गेस्टचं नेटवर्क आणि हिशोबाच्या टॅलीचा सर्व्हर एकाच लॅनवर, म्हणजे आतल्या एकाच जाळ्यावर. कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तीन वर्षं जुनं. आणि तुम्ही नाव लपवलंत! दाराला कडी नाही, कोयंडा नाही, आणि भरदिवसा स्टूलावर चढून नावाची पाटी काढताय!

हे ऐकून भाचा काय म्हणाला? “काका, मग मॅक फिल्टरिंग पण लावून टाकू का?”

अरे बाबा, मॅक फिल्टरिंग म्हणजे ठरावीक पत्त्यांच्या यंत्रांनाच आत घेणं, आणि तो मॅक पत्ता (तोच तो हार्डवेअर पत्ता) हवेतल्या प्रत्येक निरोपावर उघडा छापलेला असतो, नावापेक्षा तो मिळवायला सोपा! आणि हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच बनावट पत्ता दाखवतात, अँड्रॉइड १० पासून, आयफोन १४व्या आयओएसपासून. म्हणजे चोर नक्कल करून आत आणि कामगार बाहेर. पुन्हा सोमवार सकाळ, पुन्हा मीच, पुन्हा वडा.

आता आडवळणाने बोलायचा कंटाळा आलाय, सरळ सांगतो. डब्ल्यूपीए २, म्हणजे वायफायचं खरं कुलूप, येऊन वीस वर्षं उलटली. डब्ल्यूपीए ३ २०१८ सालचं आहे आणि तुमच्या याच डब्यांत आहे, पैसे देऊन घेतलंय, फक्त चालू केलेलं नाही, कारण यादीत ते दोन ओळी खाली आहे आणि तिथवर वाचायचा कंटाळा. ऑफिसच्या लॅपटॉपना माणसागणिक वेगळं लॉगिन देता येतं, माणूस गेला की त्याचं एक खातं बंद करायचं, झालं. स्कॅनरना तेवढं जमत नसेल तर त्यांचं नेटवर्क वेगळं पाडा, पासवर्ड वीस अक्षरांचा ठेवा आणि कुणी नोकरी सोडली की बदला. पाहुण्यांना टॅलीच्या वाऱ्यालाही उभं करू नका. फर्मवेअर चढवा. मागच्या वर्षी याच कामांचं कोटेशन दिलं होतं, त्यावर तुम्ही ‘बघू दिवाळीनंतर’ लिहून परत पाठवलंत. दिवाळी झाली. आणि फुकटातली टिक दिसली की लगेच हात शिवशिवले! पाच ट्रक साडेचार तास उभे होते, ते फुकट नव्हते.

ती टिक आज संध्याकाळी काढा. शेवटची ती स्पेसही काढतो, तिचे पैसे घेणार नाही. छत्तीस स्कॅनर पुन्हा जोडावे लागतील, ते मामांना मी सांगत नाही, तुम्हीच सांगा. आणि काचेवरचा तो कागद फाडा. पासवर्ड बदलल्यावर त्या जागी नवा चिकटवू नका.