१०० टक्क्यांच्या वर जगलेल्या पेशी: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सांगलीच्या हळदीच्या अर्काने एचटी-२९ या आतड्याच्या कॅन्सरपेशी मेल्या, निरोगी पेशी मात्र (अर्क न दिलेल्या पेशी १०० टक्के धरून) १०० टक्क्यांच्याही वर जगल्या, तरी 'कॅन्सरपासून संरक्षण सिद्ध झालं नाही' हे माझं म्हणणं म्हणजे देशी औषधाचा द्वेष.

द्वेष कसला? त्या १०० च्या वरच्या आकड्यानेच तर शंका येते. किती पेशी जगल्या हे मोजायच्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मॅझन करतात, तो रंग आपण ५७० नॅनोमीटरला मोजतो. पण अर्कातली ॲंटिऑक्सिडंट द्रव्यं पेशी नसतानाही हाच उद्योग करतात. म्हणून चाचणीच्या खाचांच्या प्लेटमध्ये एक रांग बिनपेशींची हवी: माध्यम (पेशी वाढवायचा द्रव), अर्क, एमटीटी, बस्स. ती जांभळी झाली तर तुमचा आकडा फुगलेला आहे. एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून वेल (प्लेटमधली खाच) पीबीएस या क्षारद्रावणाने दोनदा धुवा. पिपेटचं टोक भिंतीला टेकवून, नाहीतर पेशीच वाहून जातात.

अर्क ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचा हिशोबही दिसत नाही, आणि तो जास्त झाला तर स्वतःच पेशी मारतो. स्टॉक (मूळ दाट द्रावण) मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल, तर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या डोसला ०.१ टक्का डीएमएसओ जातो, ५०० ला ०.५. कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या बिनअर्काच्या पेशींना दिलेला डीएमएसओ, सगळीकडे ०.१ चाच ठेवला, तर वरच्या डोसला पेशी कुणी मारल्या?

हळद पॉलिश केलेली की बिनपॉलिशची, हेही लिहा. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, लॉटगणिक बदलतं. एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) मोजलं नाही तर पुढच्या लॉटला निकाल जुळायचा नाही.

आणि मुळात, झालेला कॅन्सर मारणं वेगळं, होऊ न देणं वेगळं. दुसरं तपासायचं तर उंदरांना ॲझॉक्सीमीथेन हे कॅन्सरकारक रसायन टोचण्याआधीपासून अर्क सुरू करायचा, ८ ते १० आठवड्यांनी मोठं आतडं उभं चिरून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं, मिथिलीन ब्लूने रंगवून बिघडलेल्या क्रिप्टचे (आतड्याच्या अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांचे) पुंजके मोजायचे; हे कॅन्सरच्या आधीचे बदल. इथेही गोम आहे. हळद कालवलेलं खाद्य कडवट लागून उंदीर कमी खाऊ शकतात, आणि नुसत्या कमी खाण्यानेही गाठी कमी होतात. खाद्याचं आणि उंदरांचं वजन नोंदलेलं नसेल, तर श्रेय हळदीला की उपासाला?

माणसांचं म्हणाल, तर वंशपरंपरेने आतड्यात असंख्य पॉलिप (पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या छोट्या गाठी) येणाऱ्या ४४ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, १२ महिने. पॉलिपच्या संख्येत आणि आकारात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) फरक दिसला नाही. हळदीत ३ टक्के कर्क्युमिन धरलं, तर हा डोस म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम हळद.