गाडी टायर खातीय

खंडेनवमीला आमच्या घरात सगळ्या यंत्रांना अंघोळ असते. मिक्सर, शिलाई मशीन, अण्णांचा पाना-पक्कडीचा डबा आणि गाडी. गाडी माझ्याकडे. यंदा चाकावरच्या कमानीतला चिखल काढायला हात आत घातला, डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून फडकं फिरवलं आणि बोटाला सुई टोचल्यासारखं झालं. फडक्याला रक्त. काच असेल म्हणून जमिनीला गाल लावून बघितलं, तर टायरमधून तारा बाहेर आल्या होत्या. बारीक, चकचकीत, चार दिवसांच्या दाढीसारख्या. बाहेरून बघाल तर तोच टायर हळदीच्या नवरदेवासारखा ताजा, नक्षी खोल, कडा शाबूत. आणि आत दोन बोटं रुंदीची पट्टी पार गुळगुळीत, तुळतुळीत.

टायर चालले होते अठरा हजार किलोमीटर. घेताना दुकानदार म्हणाला होता, "चाळीस हजारापर्यंत बघायचं काम न्हाई." मी शब्द पाळला. बघितलं नाही.

पूजा तशीच उरकली. चाकाखाली लिंबू ठेवताना वाटलं, हे लिंबू आपण उशिरा ठेवतोय.

आमच्या भागात या आजाराला 'गाडी टायर खातीय' म्हणतात. पोरगं माती खातंय म्हणावं त्याच सुरात. त्यात काळजी असते, थोडं कौतुक असतं आणि 'आईबापाचं लक्ष नाही' हेही असतं. ऐकणाऱ्याला लगेच वैद्यकी सुचते.

सांगलीत गाडीला काहीही झालं तरी पहिलं निदान ठरलेलं आहे : पेठ रस्ता. सांगलीहून पेठनाक्याला जाऊन पुण्याच्या हायवेला लागायचा हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आमच्या पिढीने इतकी वर्षं सोसला की आता काँक्रीट पडलं तरी त्याच्यावरचा राग उतरत नाही. गाडीचा आवाज येतोय? पेठ रस्ता. मणका दुखतोय? पेठ रस्ता. ऑफिसात मी टायरचं नाव काढल्याबरोबर तीन टेबलांवरून एकदम उत्तर आलं. मी म्हटलं, "पण मी त्या रस्त्याने दोन महिन्यांतून एकदा जातो." "एकदाच बास होतंय." "तेही एसटीने." यावर क्षणभर शांतता पसरली, आणि मग एकजण म्हणाला, "तरी पण."

पुण्याच्या मेव्हण्याला फोन केला. तो आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं. "दाजी, तुम्ही नायट्रोजन भरता की साधी हवा?" साधी, म्हटल्यावर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं रेंज गेली. मी दुसऱ्याच दिवशी चार चाकांत नायट्रोजन भरला, व्हॉल्व्हवर हिरवी टोपणं बसवून घेतली. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मला मुलीने नंतर तिच्या शाळेच्या पुस्तकातून काढून दाखवलं. म्हणजे मी पैसे मोजले ते उरलेल्या बावीस टक्क्यांचे. टोपणं मात्र छान दिसतात.

शेजारच्या काकांनी आणखी एक विद्या शिकवली. टायरच्या कुशीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ती त्याची जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "तुला जुना माल घातला असणार," काका म्हणाले. माझे टायर घेतले तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचे होते. पण एकदा वाचता यायला लागल्यावर राहवेना. काकांनी दिवाळीत घातलेले नवे कोरे टायर वाचले, ते चार वर्षांचे निघाले. मी हे त्यांना सांगायला नको होतं. हल्ली ते कुंपणापलीकडून नुसती मान हलवतात.

अण्णांनी यातलं काहीच केलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, वय एक्क्याऐंशी. त्यांनी दारातली माझी कोल्हापुरी उचलली, उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजून पार वाटीसारखी झाली होती. "लहानपणापासून तुझी डावी टाच अशीच झिजते. तू तिरका चालतोस. गाडी मालकावर गेली."

हिने स्वयंपाकघरातून एवढंच म्हटलं, "तुम्ही चालवताय कशी, ते बघा आधी." बायकोच्या अशा वाक्याला जेवढी किंमत द्यायची असते तेवढीच मी दिली.

आता तुम्ही म्हणाल, अलायमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, ते करून घ्यायचं की. केलं होतं! दोन वर्षांत चार वेळा, विश्रामबागच्या बाजूला एके ठिकाणी. तिथला मुलगा चाकांना चिमटे लावायचा, संगणकाच्या पडद्यावर लाल आकडे यायचे, तो खाली जाऊन पाना फिरवायचा, लालचे हिरवे व्हायचे. हिरवं दिसलं की मला दहावी पास झाल्याचा आनंद व्हायचा. चारशे रुपये द्यायचे, रिपोर्टचा कागद घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचा. पंधरा दिवसांनी गाडी सरळ चाललेली असताना स्टिअरिंग मात्र जरा उजवीकडे वाकडं. कोणीतरी मान तिरकी करून आपलं ऐकतंय, पण पटत नाहीये, असं.

पाचव्यांदा मी तिथे गेलो नाही. सांगलीत दुखणं हटेना झालं की काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मिरजेला जायचं. दवाखान्यांचं गाव ते. कर्नाटकातून लोक तिथे येतात, आम्ही तर दहा किलोमीटरवर. रिपोर्टचे चारही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि सेकंड ओपिनियनला निघालो.

मिरजेचे मिस्त्री साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी कागदांकडे बघितलंही नाही. गाडी जॅकवर घेतली आणि पुढच्या चाकाला घड्याळात नऊ आणि तीन वाजतात तिथे दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक् टक्. मग बारा आणि सहावर धरून हलवलं. आवाज नाही. मग टायरवरून तळवा आतून बाहेर फिरवला, बाहेरून आत फिरवला आणि माझा हात धरून मलाही फिरवायला लावला. एका बाजूने जाताना हात घसरत होता, उलट येताना करवतीचे दात लागत होते.

"लागलं न्हवं? चाक आडवं फरफटत चाललंय. हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या. जास्त असती तर मधलं पोट गेलं असतं. शॉकअप गेलं असतं तर खड्डं खड्डं पडलं असतं टायरला. ह्ये फेंगडं चाललंय."

टो म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत या एका शब्दाने कळलं. पुढची दोन चाकं वरून बघितली तर पावलांसारखी दिसतात. बोटं एकमेकांकडे वळली तर टो-इन, बाहेर वळली तर टो-आउट, म्हणजे फेंगडं. फेंगडं चाललं की आतली कड झिजते. कॅम्बर म्हणजे चाक समोरून बघितल्यावर आत किंवा बाहेर किती कललंय ते. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला जो तिरकेपणा असतो तो, ज्याच्या जिवावर आपण शाळेत असताना दोन्ही हात सोडून मुलींच्या वर्गासमोरून जायचो. आमच्यासारख्या छोट्या गाडीत यातलं खाली पान्याने फिरवता येतं ते बहुतेक टोच.

"मग चार वेळा फिरवला, तरी परत का बिघडतो?"

मिस्त्रींनी पहारीने खालचा एक भाग उचकटून दाखवला. लोअर आर्मचं बुश, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर. रबर फाटून त्याला जिवणीसारखी चीर पडली होती, पहार दाबली की तोंड उघडत होतं, सोडली की मिटत होतं. डावा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा, तोही ढिला. "ह्ये सैल असताना अलायमेंट कशावर ठरंल? आमच्या गावात तंबोरे करत्यात, ठावं हाय ना? खुंटी ढिली असली तर मग गवई कुठला का आणा. जुळवून हात काढला की उतरलाच."

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे मी पेपरात वाचून विसरलो होतो. त्याचा माझ्या गाडीला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

बुश, टाय रॉड एंड बदलला, दोन टायर नवे घातले आणि मग अलायमेंट. सुरुवातीच्या लाल आकड्यांचं मी घरी येऊन गणित केलं. दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरात तीनेक मिलिमीटरचा फरक होता. सहाशे मिलिमीटरच्या चाकाला तीन मिलिमीटर, दोन चाकांत वाटून. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक चाक साधारण अडीच मीटर आडवं फरफटतं. अठरा हजार किलोमीटरला पंचेचाळीस किलोमीटर. मी पुन्हा पुन्हा तपासलं, तेवढंच येतं. आम्ही जवळजवळ सांगली ते कोल्हापूर आडवे गेलो होतो.

यात सांगलीकराची पंचाईत अशी की आपण मोजतो ते फुटांत. पाऊस सुरू झाला की गावात एकच प्रश्न : आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथलं तिसरीतलं पोरगंही सांगतं. टायरलाही असाच पूल असतो. खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की धोक्याची पातळी. रोज रात्री झोपण्याआधी मोबाइलवर कोयनेचा विसर्ग बघणारा मी, तो उंचवटा दोन वर्षांत एकदाही बघितला नव्हता.

पैसे देताना मिस्त्रींनी मिरजेच्या डॉक्टरसारखाच, अगदी शेवटी, दाराशी आल्यावर प्रश्न विचारला. "ऱ्हायला कुटं?"

"गावभागात."

"दारात कट्टा हाय काय?"

आता ही कट्ट्याची गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात ते छातीला होतं. ओसरल्यावर अण्णांनी शपथ घेतल्यासारखं अंगण दीड फूट उचललं आणि फाटकात उतरंड केली. बोळ अरुंद, उतरंड रस्त्यात आणता येईना, म्हणून ती छातीवर यावी तशी चढी झाली. शिवाय 'रस्त्यावरचं पाणी आत नको' म्हणून खालच्या टोकाला शहाबादीची उभी कड, चार बोटं वर. एवढ्याने कृष्णामाई थांबणार नव्हती आणि २०२१ ला थांबलीही नाही, पण अण्णांच्या मनाला तेवढाच आधार. मी रोज संध्याकाळी बोळातून येतो, तिरका वळसा घेतो, डावं चाक त्या कडेवर धाडकन चढतं. सकाळी उतरताना पुन्हा डावंच. वर चढताना गाडी बंद पडू नये म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना वेग द्यायचा. दोन वर्षं, दिवसातून दोन वेळा. पेठ रस्त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कड फोडायची."

"फोडायची नाही, जरा तासायची."

"आणि पाणी आलं की तुझा तो मिस्त्री येणार आहे का आडवा पडायला?"

शेवटी तह झाला. २०१९ च्या पुरात तरंगून माजघरात आडवं झालेलं शिसवी कपाट आम्ही टाकून दिलं होतं, पण त्याचं एक दार अण्णांनी माळ्यावर ठेवलं होतं. का, ते विचारायचं नसतं. ते दार कडेवर तिरकं टाकायचं, चाक त्यावरून न्यायचं. रोज सहाला अण्णा काठी टेकत येतात, दार टाकतात आणि विमानतळावरच्या माणसासारखे हात हलवतात. "ये... ये... डावं घे... अरे डावं म्हणजे माझं डावं नव्हे!" बोळातली पोरं बघायला जमतात. पहिल्याच आठवड्यात दार दोनदा घसरलं.

परवा मला कामावरून यायला उशीर होता म्हणून गाडी ही घेऊन आली होती. मी बोळाच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो तर ती समोरून येताना दिसली. फाटक मागे टाकून सरळ पुढे गेली, समोरच्या पडक्या वाड्याच्या मोकळ्या जागेत गाडीचं नाक घातलं आणि मागच्या मागे, दोन्ही चाकं एकदम, सरळ, हळूच उतरंडीवरून आत. धक्का नाही, आवाज नाही. अण्णा काठीला टेकून उभे. दार भिंतीला टेकून उभं.

"अशी घालतेस तू?"

"पहिल्यापासून."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

ती डिकीतून भाजीची पिशवी काढत होती. "पुण्याला फोन केलात, मिरजेला गेलात," ती म्हणाली, "मला विचारलंत?" आणि पिशवी माझ्या हातात दिली. जड होती. डावीकडेच ओढत होती.