गाळ काढा, पण आधी एक नळी भरून ठेवा

आमच्या गावचा तलाव या उन्हाळ्यात उपसायचं घाटतंय. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तलाव मालगुजारी काळातला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या वेळचा, म्हणून सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर वाद चालू आहे. धानवाले म्हणतात, जेसीबी लावा, मुरूम लागेपर्यंत खोदा, गाळ बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, टाका. ढीवर, म्हणजे तलावात मासे धरणारे, म्हणतात, तळ असा खरवडला तर मासा राहील कुठे? मी अकरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये, केंडलला राहतो. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की गाळ काढण्याआधी तळात एक नळी उभी खुपसा आणि गाळाचे थर तसेच्या तसे तिच्यात भरून ठेवा. पाचव्या मिनिटाला दादाचा फोन. “तुले तिथं बसून का जाते? इथं रोवन्याले पानी पायजे.”

दादाची गरज खरी आहे. हे तलाव कोहळी लोकांनी धानासाठीच बांधले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ, सांडवा, गाळ यांची वर्षावर्षाची निगा मागे पडली. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा मला आनंदच झाला होता. गाळ शेतात जायलाच हवा. माझं भांडण फक्त तो एका महिन्यात, तळापर्यंत, काहीही न पाहता काढण्याशी आहे.

हे मला विंडरमेअर तलावाने शिकवलं. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत तो येतो. सतरा किलोमीटर लांब, सगळ्यात खोल जागी चौसष्ट मीटर. १९४५ पासून इथे ठरलेल्या दिवशी होडी जाते आणि पाण्याचा नमुना आणते. आधी दर आठवड्याला, आता दर पंधरवड्याला. जॉन लुंड या शास्त्रज्ञाने हे मोजणं सुरू केलं. बाटलीत आयोडीनचे थेंब टाकायचे, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, म्हणजे प्लवक, तळाशी बसू द्यायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचं. ॲस्टेरिओनेला नावाचा चांदणीसारखा डायटम, म्हणजे कवच असलेलं एकपेशी शेवाळ, दर वसंतात बेसुमार वाढतो आणि मग अचानक कोसळतो. का? त्याचं कवच सिलिकाचं असतं. पाण्यातला विरघळलेला सिलिका लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास उतरला की वाढ थांबते. हे एका नमुन्यात दिसत नाही. वर्षानुवर्षं मोजलं तेव्हा कळलं.

डायटम मरतो, पण कवच तळाच्या गाळात राहतं. विनिफ्रेड पेनिंग्टन या शास्त्रज्ञ बाईंनी विंडरमेअरच्या तळातून उभ्या नळ्या काढून तो गाळ वाचला. खाली हिमनदीची चिकणमाती, मध्ये उबदार काळातला काळसर गाळ, त्यावर पुन्हा थंडीची माती. सुमारे बारा हजार नऊशे वर्षांपूर्वी परतलेली ती थंडी हजारेक वर्षं टिकली, ते या थरांत आहे.

तरी खरं तेही सांगतो. एवढं मोजूनही विंडरमेअर उन्हाळ्यात हिरवा पडतो आणि त्यात सोडलेल्या सांडपाण्यावरून इथले लोक चिडलेले असतात. नोंदवहीने तलाव वाचत नाही. पण वाद होतो तेव्हा दोन्ही बाजूंना एकच वही उघडावी लागते. आमच्या ग्रुपवर मात्र एक जण म्हणतो तलाव वीस फूट होता, दुसरा म्हणतो दहा.

दादा म्हणाला, हे गोऱ्यांचे तलाव, आपले कुठे तसे. मी त्याला लोणार सांगितलं. बुलढाण्यातल्या त्या खाऱ्या सरोवरातून २००८ साली सुमारे दहा मीटर गाळाची नळी काढली. पाणी आटून खूप खारं झालं तरच बनणारे गेलुसाइटचे स्फटिक तिच्यात सापडले. त्यावरून दोन लांब कोरडे काळ कळले: आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पावसाने शेकडो वर्षं हात आखडता घेतल्याची ही नोंद आपल्याच विदर्भाच्या मातीत होती.

मामा तलाव लोणार नव्हे, हे मला मान्य आहे. तो फार तर दोन-तीनशे वर्षांचा. उन्हाळ्यात कडा सुकतात, म्हशी लोळतात, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गाडीबैलाने गाळ नेत आले आहेत. थर जागोजागी फाटलेले असणार. पण पाळीजवळच्या डोहात मे महिन्यातही पाणी राहतं. तिथला खालचा गाळ बराचसा जागेवर असेल. १८९९-१९०० च्या दुष्काळात आमचा तलाव आटला होता का, जंगल कधी हटलं, युरिया शेतात आल्यावर पाण्यातलं शेवाळ कसं बदललं, याची खूण तिथे मिळू शकते. जेसीबीने दोन दिवसांत ते ट्रॉलीत भरलं, की पुन्हा कुणाला विचारणार?

आणि ढिवरांचं म्हणणं मला धानवाल्यांइतकंच मोलाचं वाटतं. कतला मासा पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर जगतो, मृगळ तळाशी चरतो. उथळ, झाडोऱ्याचा काठ कापून सरळ खड्डा केला, तर पाणी साठेल, पण मासा उपाशी राहील. पाण्यावर हिरवी साय आली की पहाटे मासे तोंड वर काढतात, हे आमच्या गल्लीतले ढीवर काका मला लहानपणीच दाखवायचे. रात्री प्राणवायू संपतो म्हणून तसं होतं, हे मी फार उशिरा शिकलो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. डोहाचा आणि काठाचा भाग यंदा सोडावा, बाकीचा गाळ खुशाल न्यावा. डोहातून एक नळी काढून, दोन्ही तोंडं बंद करून, वर-खाली खूण करून सावलीत उभी ठेवावी आणि एखाद्या विद्यापीठाला कळवावं. दर पंधरवड्याला एक बाटली पाणी आणि पांढरी थाळी किती खोल जाईपर्यंत दिसते त्याचा आकडा, काकांच्या नातवाने वहीत लिहावा. सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कॉलेजात असतोच.

काल दादाने पुन्हा फोन केला. जेसीबी पुढच्या सोमवारी येणार आहे. मग थोडं थांबून म्हणाला, “बोअरचा पाइप पडला आहे घरी, सात-आठ फुटाचा. चालते का?”

चालते, म्हटलं. रविवारीच टोचा.